सार्वकालिक जीवन म्हणजे नेमकं काय?

गेल्या आठवड्यात माझा चष्मा हरवला. उशीखाली पाहिलं, देव्हाऱ्यासारखं आमचं एक पुस्तकांचं कपाट आहे तिथे पाहिलं, शेवटी सुनेला तो फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या जुडीशेजारी सापडला. ती हसली, मीही हसले. नातू तर दोन दिवस "आजी, चष्म्याला थंडी वाजली का?" म्हणून चिडवत होता. पण त्या रात्री मला झोप आली नाही. कारण आमच्या घरात हे एकदा होऊन गेलेलं आहे, आणि तेव्हाही सुरुवात अशीच हसण्यावारी गेली होती.

शहात्तर वर्षांच्या बाईने चष्मा फ्रीजमध्ये ठेवणं ही काही मोठी गोष्ट नाही, असं डॉक्टर म्हणतात. असेल. पण झोप न आल्यामुळे एक जुना विषय पुन्हा डोक्यात फिरायला लागला. मागे एका मैत्रिणीने मला विचारलं होतं, "तुम्हा ख्रिस्ती लोकांत ते सार्वकालिक जीवन म्हणतात ना, ते म्हणजे अमरत्व का? की स्वर्ग?" मी तेव्हा "लिहीन कधीतरी" म्हणून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर तो प्रश्न मला फार जवळचा होता आणि म्हणूनच लिहवत नव्हतं. आज लिहिते. मी काही धर्मपंडित नाही. नगरला (आता अहिल्यानगर) शाळेत तेहेतीस वर्षं मराठी शिकवलं, एवढीच माझी पात्रता. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

आमचे हे एसटीत हिशेबनीस होते. आकड्यांचा माणूस. अख्ख्या डेपोच्या गाड्यांचे नंबर पाठ. दर रविवारी उपासनेला जाणार, पहिल्या बाकावर नाही आणि शेवटच्याही नाही, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसणार. पवित्र शास्त्राचं त्यांचं जुनं पुस्तक होतं, त्याच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात तारखा घातलेल्या असत. कोणता अध्याय कधी वाचला त्याच्या. निवृत्तीनंतर काही वर्षांनी ते पुस्तक उलटं धरून बसलेले दिसले. मग वाण्याच्या दुकानात सुट्टे पैसे मोजता येईनात. २०१३ साली डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश हा शब्द उच्चारला. आम्ही घरातल्या घरात तो शब्द कधी वापरला नाही. "बाबांना विसरायला होतं" एवढंच म्हणायचो.

ह्या आजारात आधी कालचं जातं आणि मग परवाचं. जुनं सगळ्यांत शेवटी. आधी नातवंडांची नावं गेली, मग सुनेचं, मग मुलाचं. मी आपली मनात धरून होते की माझं नाव शेवटी जाईल, पंचेचाळीस वर्षांचा संसार आहे. एका संध्याकाळी मी त्यांना चहा दिला. त्यांनी कप खाली ठेवला आणि अगदी अदबीने मला विचारलं, "बाई, आमची मंडळी कुठे दिसत नाही?"

मंडळी म्हणजे बायको. मीच. मी म्हटलं, "येतील हं इतक्यात. बाजारात गेल्यात."
"बरं, बरं. तुमचा चहा झाला का?"

त्यानंतर ते मला कायम "तुम्ही"च म्हणत. फार सभ्य माणूस होता. परक्या बाईशी बोलावं तसं ते माझ्याशी शेवटपर्यंत बोलले.

त्याच सुमारास एका रविवारी प्रवचन होतं योहानाच्या सतराव्या अध्यायावर. अटक झाली त्याच रात्री, अटकेच्या आधी येशू जी प्रार्थना करतो, तो हा अध्याय. त्याच्या तिसऱ्याच वचनात सार्वकालिक जीवनाची व्याख्या आहे. शुभवर्तमानांत हा शब्द पुष्कळदा येतो, पण हे म्हणजे काय असं सरळ सांगितलेलं ते इथेच. आणि सांगितलंय काय? तर देवाला आणि त्याने पाठवलेल्या ख्रिस्ताला ओळखणं. बस. सोन्याचे रस्ते नाहीत, पांढरी वस्त्रं नाहीत. ओळखणं. उपदेशक तळमळीने सांगत होते की ज्याला ही ओळख नाही त्याला जीवन नाही. त्यांच्या मनात काही वावगं नव्हतं, समोरच्या तरुणांना उद्देशून ते बोलत होते. पण माझ्या शेजारी, तिसऱ्या बाकावर, आमचे हे बसले होते आणि गाण्याच्या पुस्तकाची दोरी बोटाला गुंडाळत होते. ख्रिस्त हे नाव ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा हललं नव्हतं.

घरी येईपर्यंत माझ्या मनात एकच. सार्वकालिक जीवन म्हणजे ओळखणं असेल, तर जो कुणालाच ओळखत नाही त्याचं काय? साठ वर्षं ज्याने विश्वास धरला त्याच्या हातून तो विश्वास आजाराने काढून घेतला, तर तो रिकामा हात देव कसा पाहतो? हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही. पण दर रविवारी सगळे उभे राहून विश्वासांगीकार म्हणतात, त्याच्या शेवटी शरीराचं पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन ह्यांवरचा विश्वास आपण बोलून दाखवतो. ते शब्द आले की मी नुसते ओठ हलवायचे. वर्षभर मी ते शब्द उच्चारले नाहीत. शेजारच्याला कळत नाही, पण आपलं आपल्याला कळतं.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त पाळकसाहेब होते. त्यांच्याकडे जुनी भाष्यं होती, काही मराठी, काही इंग्रजी. दुपारी हे झोपले की मी ती घेऊन बसायला लागले. शिक्षकाची खोड, दुसरं काय. अर्थ लागत नसेल तर शब्दापासून सुरुवात करायची.

पहिली गोष्ट कळली ती अशी की सार्वकालिक जीवन म्हणजे लांबच लांब आयुष्य नव्हे. हे खरं तर आपल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. आपण लग्नपत्रिकेत मुलाच्या नावाआधी "चि." लिहितो. चिरंजीव. पण आपल्याकडच्या सात चिरंजीवांत अश्वत्थामाही आहे. कपाळावरची जखम घेऊन, तेल मागत नर्मदाकाठी फिरणारा. त्याचं न मरणं हा शाप आहे. नुसतं लांबलेलं आयुष्य म्हणजे वर नव्हे, हे आपल्या आज्यांनी आपल्याला ह्या एका गोष्टीतून सांगून ठेवलंय. आणि मला तर ते रोज डोळ्यांसमोर दिसत होतं. ह्यांचं शरीर ठणठणीत होतं. रक्तदाब उत्तम. डॉक्टर कौतुक करायचे, "अजून खूप जगतील." मला त्या वाक्याने धाप लागायची.

सहाव्या शतकात बोएथियस नावाचा एक रोमन विद्वान होऊन गेला. राजद्रोहाच्या आरोपावरून तुरुंगात पडला होता, पुढे त्याला मारलंच. त्या तुरुंगात त्याने जे पुस्तक लिहिलं त्यात तो म्हणतो त्याचा आशय असा, की अनंतता म्हणजे न संपणारा काळ नव्हे. सगळं जीवन एकाच वेळी, पूर्णपणे हाताशी असणं म्हणजे अनंतता. आपल्याला जीवन एकदम मिळत नाही. कालचं गेलेलं असतं, उद्याचं आलेलं नसतं, हातात असतो तो हा एवढासा क्षण. मला पाठ केलेल्या कवितेचं उदाहरण सुचलं. (ऑगस्टीनही काळाबद्दल लिहिताना स्तोत्र म्हणण्याचाच दाखला देतो, हे नंतर वाचलं. बरं वाटलं!) म्हणताना ओळी एकामागून एक येतात, पण ज्याला ती पाठ आहे त्याच्याजवळ ती सगळी असते. देवाजवळ माणसाचं आयुष्य असं सगळं असतं. ह्यांचं एसटीतलं वय, आमच्या लग्नाचा दिवस, आणि तो चहाचा कपसुद्धा.

दुसरी गोष्ट शब्दाची. आपल्याकडच्या प्रचलित भाषांतरात "सार्वकालिक जीवन" आहे, सोप्या भाषांतरात "अनंतकाळचं जीवन". मूळ ग्रीकमध्ये जीवनाला शब्द आहे झोए. दुसराही एक शब्द आहे, बिऑस, तो उपजीविकेला, चरितार्थाला वापरतात. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या गरीब विधवेने आपलं सगळं टाकलं असं मार्क सांगतो, तिथे हा बिऑस आहे. बिऑस टाकता येतो, संपतो. झोए तसा नाही. आणि "सार्वकालिक"साठी जो शब्द आहे त्याच्या पोटात आयोन आहे, म्हणजे युग. त्या काळचे पुष्कळ यहुदी लोक दोन युगं मानत, हे चालू युग आणि देवाचं येणारं युग. सार्वकालिक जीवन म्हणजे त्या येणाऱ्या युगाचं जीवन. इ.स. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेच्या नावाने चालत आलेल्या विश्वासांगीकारातही शेवटी अक्षरशः असाच शब्दप्रयोग आहे, येणाऱ्या युगाचं जीवन.

पंडिता रमाबाईंची इथे मला फार आठवण आली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली गेली. वर्षाच्या आत, एप्रिल १९२२ मध्ये, रमाबाई गेल्या. त्यांचं संपूर्ण बायबल छापून निघालं ते १९२४ साली. मुलीला पुरून आलेल्या आईने ह्या शब्दापाशी थांबून काय विचार केला असेल, कोण जाणे.

तिसरी गोष्ट माझ्या विषयातली आहे, व्याकरणाची. आठवीच्या पोरांना आम्ही विचारायचो, "काळ ओळखा." योहानाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की माझं ऐकून जो विश्वास ठेवतो त्याला सार्वकालिक जीवन आहे. "मिळेल" नाही. "आहे." आणि पुढे म्हणतो की तो मरणातून जीवनात गेलेला आहे. पूर्ण वर्तमानकाळ! क्रिया होऊन गेली. ते येणारं युग आत्ताच दारातून आत आलेलं आहे.

लाजराच्या घरची गोष्टही तशीच. भाऊ मेल्यावर मार्था येशूला म्हणते की तो शेवटल्या दिवशी उठेल हे मला ठाऊक आहे. म्हणजे तिचं धर्मज्ञान चोख आहे. पण तो तिला शेवटल्या दिवसावरून आजच्या दिवसावर आणतो. पुनरुत्थान म्हणजे कॅलेंडरातली एखादी तारीख नसून समोर उभा आहे तो मी, असं तिला सांगतो. (अर्थात म्हणून पुढचं काही नाहीच असं नव्हे. आम्ही पुढचंही मानतो. पण ते पुढचं इथे सुरू होतं.)

मग इथे ते ओळखायचं कसं? लूकच्या दहाव्या अध्यायात एक शास्त्री येशूला नेमकं हेच विचारतो, की सार्वकालिक जीवन मिळायला मी काय करू? त्या प्रश्नाच्या उत्तरातूनच पुढे चांगल्या शोमरोन्याची गोष्ट निघते. आपण ती गोष्ट परोपकाराची म्हणून शाळेत सांगतो आणि ती कोणत्या प्रश्नातून निघाली ते विसरतो. रस्त्यात मार खाऊन पडलेला माणूस, त्याच्या जखमा बांधणारा एक परका, आणि उतारशाळेत त्याच्यासाठी भरलेले दोन दिनार. आणि योहानाच्या पहिल्या पत्रात तर सरळच म्हटलंय की आपण मरणातून जीवनात आलो हे कशावरून कळतं, तर आपण भावांवर प्रेम करतो ह्यावरून.

हे वाचलं त्या दिवशी मला हसूच आलं. मी सार्वकालिक जीवन पुस्तकात शोधत होते आणि बाहेर माझा मुलगा, ज्याला पूर्वी वडिलांशी चार शब्द बोलायला जड जायचं, तो त्यांची दाढी करत होता. गालाला साबण लावून, "बाबा, हनुवटी वर करा," म्हणत. ते त्याला "फार उपकार झाले, साहेब" म्हणाले. तो मोरीत जाऊन रडला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वस्तरा घेऊन बसला.

पण माझा मूळ प्रश्न तसाच होता. प्रेम आमच्या बाजूने होतं. ओळख आमच्या बाजूने होती. त्यांच्या बाजूने काय? व्याख्या तर ओळखण्याची होती.

उत्तर मिळालं ते पौलाच्या एका वाक्यात, तेही त्याने स्वतःला अडवून दुरुस्त केलेल्या. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तो लिहितो की आता तुम्ही देवाला ओळखता, आणि वाक्य मध्येच थांबवून म्हणतो, छे, त्यापेक्षा असं म्हणू की देवाने तुम्हाला ओळखलंय. मी आयुष्यभर वह्या तपासल्या. मुलगा एक शब्द लिहितो, त्यावर रेघ मारतो आणि पुढे बरोबर शब्द लिहितो, तिथे मला नेहमी आनंद व्हायचा, कारण तिथे विचार चाललेला दिसतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ह्या पत्रात मला ती रेघ दिसली. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातही तो हेच सांगतो. आज आपल्याला आरशात अंधुक दिसतं, कळतं ते तुटक. पुढे पूर्ण ओळख होईल, आणि तिचं माप कोणतं? तर आज आपण जसे पूर्ण ओळखलेले आहोत, तशी.

कर्तरी प्रयोगाचा कर्मणी झाला की! "मी देवाला ओळखतो" हा कर्तरी. "मी देवाकडून ओळखला जातो" हा नवीन कर्मणी, ज्याला काही पुस्तकांत कर्मकर्तरी म्हणतात. "रावण रामाकडून मारला गेला" हे आमचं ठरलेलं उदाहरण. गंमत अशी की मी मुलांना नेहमी बजावत असे, ही "कडून"वाली रचना इंग्रजी वळणाची आहे, निबंधात शक्यतो टाळा. तिचा लाल शाईने मी किती वर्षं छळ केला असेल! आणि शेवटी तीच रचना माझ्या कामी आली.

कर्तरी वाक्यात सगळा भार कर्त्यावर असतो. त्याने ओळखलं तर ओळख, तो विसरला की संपलं. आमच्या ह्यांच्यासारखा कर्ता थकला की वाक्य कोसळतं. पण ओळखणारा दुसरा कुणी असेल, तर? मग माझी आठवण गेली तरी मी कुणाच्या तरी आठवणीत आहेच. सार्वकालिक जीवन ही माझ्या डोक्यात साठवलेली वस्तू नाही, म्हणून ती माझ्या डोक्याबरोबर झिजतही नाही. योहानातली ती व्याख्या मी इतके दिवस परीक्षेसारखी वाचत होते. देवाला ओळखा, शंभरपैकी गुण मिळवा. ते नातं आहे, आणि नात्याला दोन टोकं असतात. एक टोक सुटलं तरी दुसरं घट्ट धरलेलं असू शकतं. लहान मूल आईला ओळखायला लागतं त्याच्या कितीतरी आधी आईने त्याला ओळखलेलं असतं. तेव्हा ते मूल काय जिवंत नसतं?

एकदा हे कळल्यावर जुन्या पाठ गोष्टी वेगळ्या दिसायला लागल्या. वधस्तंभावर येशूशेजारी टांगलेला तो चोर. त्याच्याकडे पुण्य नाही, बाप्तिस्मा नाही, वेळही नाही. तो मागतो काय? तर तुझ्या राज्यात माझी आठवण ठेव. एवढंच. आणि ती मग्दालीया मरीया. पुनरुत्थानाच्या सकाळी कबरेपाशी येशू तिच्यासमोर उभा आहे आणि तिला ओळखू येत नाही. माळी वाटतो तिला तो. ज्याच्यासाठी ती रडतेय त्यालाच ती विचारते, त्याला कुठे ठेवलंत? (माझ्या डोळ्यांसमोर तो चहाचा कप आला. "बाई, आमची मंडळी कुठे दिसत नाही?") तेव्हा तो तिला समजावत बसत नाही, रागावत नाही. नावाने हाक मारतो. आणि तेव्हा तिला ओळख पटते. आधी त्याची ओळख, मग तिची.

आमच्या शेजारच्या वहिनी, वारकरी घराण्यातल्या, ह्यांच्या आजारात मला फार आधार होता त्यांचा. त्यांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्यात मोक्ष म्हणतात तेच ना हे?" मी म्हटलं, जवळचं असेल, पण एक फरक मला दिसतो. थेंब सागरात मिळून जावा, मग थेंब वेगळा उरू नये, असं काही जण मोक्षाबद्दल सांगतात. आमच्या विश्वासांगीकारात मात्र "शरीराचं पुनरुत्थान" आहे. नुसता आत्मा अमर आहे हा ग्रीक तत्त्ववेत्त्यांचा विचार, प्लेटोने तो मांडलेला आहे. ख्रिस्ती आशा त्याहून हट्टी आहे. तो माणूस पाहिजे, त्याचं नाव पाहिजे, बदललेलं का होईना पण त्याचंच शरीर पाहिजे. त्यावर वहिनी म्हणाल्या, "अहो, पण तुकोबालाही पांडुरंगात विरघळायचं नव्हतंच की. त्याला समोर उभं राहून बघायचं होतं." मी गप्प झाले. तेहेतीस वर्षं संतकाव्य शिकवलं आणि हे मला त्यांनी सांगावं!

हे २०१८ च्या नोव्हेंबरात गेले. पहाटे, झोपेत. शेवटचे काही दिवस ते बोलत नव्हते, पण नावाने हाक मारली की मान वळवत. कुणी हाक मारली ते कळत नसावं. हाक आपल्याला आहे एवढं कळत असावं. कबरीवरचा दगड करायला दिला तेव्हा कारागिराने विचारलं, वचन कोणतं घालायचं? त्याच्याकडे नमुन्याची वही होती, त्यात सगळी नेहमीची वचनं. मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नुसतं नाव घाला. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, अक्षर मोठं. तारखा घाला. बाकी नको. नातेवाइकांत थोडी कुजबुज झाली, ती आज इथे मिटवते. कंजूषपणा नव्हता. ज्याने हाक मारायची त्याला नाव पुरे, असं मला वाटलं.

त्यानंतरच्या रविवारी मी तिसऱ्या बाकावर एकटी उभी होते. विश्वासांगीकाराचे शेवटचे शब्द आले आणि ते मी मोठ्याने म्हटले. आवाज जरा जास्तच मोठा लागला असावा, कारण पुढच्या बाकावरची पोरं वळून बघायला लागली.

मला सगळं कळलं असा माझा दावा नाही. रात्री तीन वाजता जाग येते तेव्हा व्याकरण कामाला येतंच असं नाही. कधी वाटतं, हे सगळं मी माझ्या समाधानासाठी तर जुळवलं नाही ना? पण मग मुलाच्या हातातला तो वस्तरा आठवतो. ज्या माणसाकडून काहीच परत येणार नाही, नावसुद्धा येणार नाही, त्याची हनुवटी रोज वर करणारं प्रेम मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. ते आपल्यासारख्या चिडक्या, दमलेल्या माणसांना जमत असेल, तर ते आपल्यात कुठून तरी आलेलं आहे. आणि जिथून आलंय तिथे ते संपत नसणार, एवढा विश्वास मी धरून आहे.

असो. चष्म्यावरून सुरुवात झाली आणि कुठच्या कुठे गेले. मैत्रिणीच्या प्रश्नाला हे उत्तर झालं की नाही, ती सांगेल. माझे नातेवाईक हे वाचतात म्हणून शेवटी दोन शब्द त्यांच्यासाठी. डॉक्टर म्हणतात तसा तो नुसता वयाचा विसर असेल, तर उत्तमच. पण उद्या समजा मी तुमच्यापैकी कुणाला "आपण कोण?" असं विचारलं, तर घाबरू नका, आणि "आजी, आठवा ना, आठवा ना" म्हणून माझी परीक्षाही घेऊ नका. चहा द्या. नावाने हाक मारा. मी तुम्हाला ओळखलं नाही तरी चालेल, तुम्ही मला ओळखा.

आणि माझा चष्मा फ्रीजमध्ये दिसला तर गुपचूप काढून जागेवर ठेवा. नातवाला सांगू नका.